पप्पांची रोझरी आणि जुन्या गोव्याची वाट

पप्पा गेल्यानंतरचा पहिला डिसेंबर येत होता आणि मी वर्षभर धड प्रार्थना केली नव्हती. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचे, उभं राहायचे, बसायचे, सगळं तोंडपाठच असतं ना, पण आत काही हलायचं नाही. पप्पा बरीच वर्षं सांत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, जुन्या गोव्याला चालत जायचे. कोणी पदयात्रा म्हणतं, मी वारीच म्हणते, कारण चालताना जे होतं त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही. तर यावेळी त्यांची लाकडी रोझरी, जपाची माळ, गळ्यात घातली आणि ३० नोव्हेंबरला पहाटे सावंतवाडीहून ग्रुपबरोबर निघाले. खरं सांगायचं तर भक्तीने नाही, हिशोब विचारायला निघाले होते. इतक्या नोव्हेना, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना केल्या, इतके उपास केले, मग का नेलंस त्यांना? हा एकच प्रश्न घेऊन.

पहिल्या दिवशी बांद्यापर्यंत मस्त चालले. फादर पुढे, आम्ही मागे, एक जण स्तोत्र म्हणणार बाकीचे उत्तर देणार. बायबलमध्ये १२० ते १३४ अशी पंधरा स्तोत्रं आहेत, ती यरुशलेमला सणाला चालत जाणाऱ्या लोकांची आरोहणस्तोत्रं. घरात बसून वाचताना कधी जाणवलं नव्हतं पण रस्त्यावर कळतं की ही चालणाऱ्या माणसांनीच म्हणायची आहेत, ओळी छोट्या, पावलाला बसतात. १२१व्यात आहे ना, तो तुझा पाय घसरू देणार नाही. पत्रादेवीचा चेकनाका ओलांडला तेव्हा हेच चालू होतं आणि नेमकी त्याच वेळी माझ्या टाचेला आग व्हायला लागली. नवे शूज घालून आले होते, सगळ्यांनी नको सांगितलेलं तरी.

मुक्कामाला पोचले तेव्हा दोन्ही टाचांना फोड आणि एक फुटलेला, मोजा चिकटून बसला होता. मी कोपऱ्यात पाठ करून बसले. ग्रुपमध्ये एक आंटी होत्या, साठीच्या असतील, दिवसभरात माझ्याशी दोन शब्दसुद्धा बोलल्या नव्हत्या. त्या निळ्या प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी मीठ घालून घेऊन आल्या, समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव गो पाय." मी पाय ओढूनच घेतले. नको आंटी, मी करते ना, तुम्ही कशाला, वगैरे. एवढ्या मोठ्या बाईने माझ्या घाणेरड्या पायांना हात लावायचा? त्यांनी काही वाद घातला नाही, नुसत्या टबाकडे बघत थांबल्या. शेवटी मी पाय सोडले. मोजा पाण्यातच भिजू दिला त्यांनी, हळूहळू सुटेपर्यंत, ओढला नाही. मग जुना मऊ टॉवेल, बोटांच्या मधली जागासुद्धा कोरडी केली एकेक करून. मी रडत होते आणि दुखतंय म्हणून रडतेय असं दाखवत होते.

रात्री फादरनी बायबलमधल्या राजे १ चा एकोणिसावा अध्याय वाचला. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली पडतो, म्हणतो पुरे झालं देवा, माझा जीव घे. मी वाट बघत होते देव काय ऐकवणार त्याला. तर देव काहीच ऐकवत नाही! दूत येऊन हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा. खातो, परत झोपतो. दूत परत येतो, म्हणतो ऊठ, खा, तुला वाट झेपायची नाही. बोलणं सगळं नंतर, होरेब डोंगरावर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. आधी जेवण, झोप, परत जेवण. हे मी लहानपणापासून ऐकलंय पण त्या रात्री पायाला टॉवेल गुंडाळून ऐकताना पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं. मी वर्षभर देवाकडे उत्तर मागत होते आणि उत्तर नाही म्हणजे प्रेम नाही असं धरून बसले होते. वर्षभर रोज रात्री कोणीतरी माझ्यासाठी ताट झाकून ठेवत होतं, मी ते मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हापशापर्यंतचा रस्ता लांब आहे आणि हायवेचं ऊन. मी कोणाची तरी मोठी सॅंडल घालून सगळ्यात मागे. आंटी माझ्याबरोबर मागे राहिल्या, मी पुढे जा म्हटलं तरी नाही गेल्या. चालता चालता अम्माऊसची गोष्ट निघाली. लूकच्या शुभवर्तमानातल्या चोविसाव्या अध्यायातले येशूचे ते दोघे शिष्य, तो क्रुसावर मेल्यावर यरुशलेम सोडून अम्माऊस गावाला चाललेत साधारण अकरा किलोमीटर, तोंडं उतरलेली, म्हणतात आम्हाला आशा होती. होती. आंटी म्हणाल्या, "ते उलटे चाललेले गो, तरी तो त्यांच्याबरोबर चालला." मी थांबलेच. खरंच की, पुन्हा उठलेला येशू बरोबर असतो, ते ओळखत नाहीत, आणि तो त्यांना वाटेत अडवत नाही, परत फिरा म्हणत नाही, त्यांच्या चुकीच्या दिशेने त्यांच्याच चालीने संध्याकाळपर्यंत चालतो. त्याने भाकर मोडल्यावर ते त्याला ओळखतात आणि आपलेआप उठून त्याच रात्री परत जातात.

त्या संध्याकाळी मी टब आणला. आंटींच्या टाचा म्हणजे भेगाच भेगा, त्यात रस्त्याची काळी धूळ. त्यांनी पण पाय ओढून घेतले! मग मी योहानाचा तेरावा अध्याय ऐकवला, येशू शिष्यांचे पाय धुतो तो, त्यात शिष्य पेत्र म्हणतो माझे पाय कधीच धुवायचे नाहीस आणि येशू सांगतो मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. आंटी हसल्या आणि पाय पाण्यात सोडले. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की प्रेम म्हणजे आपण देवावर केलं ते नव्हे, त्याने आपल्यावर केलं ते. मला नेहमी पहिला भाग सोपा वाटायचा, मी करीन, मी देईन, नोव्हेना करीन. कोणीतरी आपलं करतंय तेव्हा पाय न ओढता बसून राहणं मला जास्त जड गेलं.

तिसऱ्या दिवशी पणजी सोडली की रायबंदरचा जुना बांध लागतो, पोर्तुगीजांच्या वेळचा, एका अंगाला मिठागरं एका अंगाला मांडवी. ऊन उतरलं होतं, कोणी बोलत नव्हतं, नुसत्या रोझरीच्या मण्यांचा आवाज. सांत फ्रान्सिस १५४२ मध्ये याच नदीने गोव्यात आला आणि १५५२ मध्ये चीनजवळच्या एका बेटावर वारला, चीनमध्ये पाय टाकायचा राहूनच गेला, वय ४६. त्याचंही मागितलेलं सगळं मिळालं नाही हे माझ्या डोक्यात पहिल्यांदाच आलं.

३ तारखेला, फेस्ताच्या दिवशी, पहाटेची मिस्सा जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेबाहेरच्या मांडवात, माणसंच माणसं. नंतर आत लाईन सरकत सरकत सांत फ्रान्सिसचं शरीर ठेवलेल्या चांदीच्या पेटीसमोर आली. पेटी वर उंचावर आहे, मान वर करूनच बघावं लागतं. मी तीन दिवस घोकलेला प्रश्न तोंडात होता, पप्पांना का नेलंस. मान वर केली, रोझरी हातात घट्ट धरली आणि तोंडातून एवढंच आलं, पप्पा तुझ्याकडे आहेत ना. मागून कोणीतरी हळूच ढकललं, लाईन पुढे सरकत होती. बाहेर आंटी पायरीवर माझी सॅंडल घेऊन बसल्या होत्या.