एकतिसावा दिवस

वाहतूक सांख्यिकी विभागात मी रस्ते अपघातांच्या नोंदींची छाननी करते. अपघातातला मृत्यू म्हणजे जागीच किंवा अपघातापासून 30 दिवसांच्या आत झालेला मृत्यू, ही व्याख्या इथे नव्याने रुजू होणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात पाठ होते; युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट, आंतरराष्ट्रीय वाहतूक मंच आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांच्या सामायिक परिभाषाकोशातही ती आहे. तिचा अंमल करणे जिवावर आले, ते वार्षिक अहवाल छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी.

एका दुचाकीस्वाराच्या मृत्यूची पुरवणी नोंद तपासताना मला एकाच प्रकरणात दोन तारखा दिसल्या. मूळ नमुन्यात अपघाताची म्हणून लिहिलेली 4 ऑगस्ट ही तारीख प्रत्यक्षात नोंदणीची होती. सोबतच्या जबाबानुसार धडक 3 ऑगस्टच्या रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी झाली होती. दाखल्यावर मृत्यूची वेळ होती 3 सप्टेंबर, पहाटे 2 वाजून 10 मिनिटे. सहायकाने कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले, मग मी मोजले. 4 तारीख धरली तर 30, 3 धरली तर 31.

"मॅडम, माणूस तर गेलाच ना?" तो म्हणाला.

गेलाच होता. आरोग्य खात्याच्या मृत्युनोंदीत तो अपघाताचाच बळी राहणार होता, कारण तिथे 30 दिवसांची अट नसते. दोन सरकारी आकडे जुळत नाहीत अशी ओरड होते, त्यामागे हेही एक कारण असते. फ्रान्समध्ये 2004 अखेरपर्यंत केवळ 6 दिवसांतले मृत्यू धरत आणि 2005 पासून 30 दिवसांतले धरू लागले, त्यामुळे तिथले जुने आकडे गुणकाने वाढवल्याशिवाय नव्या आकड्यांशेजारी मांडता येत नाहीत. एकासाठी मी अट सैल केली असती, तर दुसऱ्या कार्यालयात आणखी कुणी दुसऱ्यासाठी केली असती, आणि आलेख वर-खाली होण्याचे कारण रस्त्यावर शोधायचे की आमच्या टेबलावर, हे कुणालाच सांगता आले नसते.

मी त्याला मृतांच्या रकान्यातून गंभीर जखमींच्या रकान्यात नेले. फरक एकाचा, पण वयोगट, वाहनप्रकार, रस्त्याचा प्रकार आणि अपघाताची वेळ असे चार तक्ते हलले. वेळेच्या तक्त्यात तर तो मध्यरात्रीनंतरच्या गटातून रात्री 9 ते 12 च्या गटात आला. बेरजा जुळेपर्यंत संध्याकाळ झाली. अपघाताची तारीख आणि नोंदणीची तारीख असे दोन वेगळे रकाने नमुन्यात असावेत, अशी टिपणी मी निघण्यापूर्वी वर पाठवली.