श्रावणातले बांगडे

मासेमारीची बंदी उठल्यामुळे बाजारात बांगडे आलेत, आणि मी ते घरी आणले ते समोर ठेवून चित्र रंगवायला. आई भडकली. श्रावणात नुस्तं (मासे) घरात, ते पण खायला नाही! म्हणाली, तिथंच फोटो काढायचा ना, मग बस रंगवत महिनाभर.

तिचं चूक नाही. पण बांगड्याशेजारी मी थोडी सोलां (आमसुलं) मांडलीत, ती फोनमध्ये म्हणजे नुसता काळा डाग. डोळ्यानं बघ, त्या काळ्यात तांबडं आहे, कडेला जांभळं, आणि जितकं बघत बसू तितकं जास्तच सापडत जातं, फोटो मात्र पहिल्या सेकंदाला जेवढा असतो तेवढाच संध्याकाळी. शिवाय कॅमेऱ्याला डोळा एकच. माझं डोकं जरा हललं की मागच्या बरणीची कड भिंतीवर सरकते, आता ती शार्प ठेवायची की सॉफ्ट हे मलाच ठरवायला लागतं, आणि खरं सांगू तर मी स्टिल लाइफ, म्हणजे वस्तू समोर मांडून चित्रं, करते ती याच डोकेदुखीसाठी.

बांगड्यानं तर कहर केला. आणला तेव्हा पाठीवर हिरवं-निळं चमकत होतं, जेवणवेळेपर्यंत करडं. मग रंग कुठला खरा? पाठ सकाळची ठेवली, डोळा दुपारचा रंगवला, थोडा बसलेला. एकाच माशात दोन वेळा आल्या, मला आवडलं.

इटालियन चित्रकार मोरांदी (१८९०–१९६४) बोलोन्यात बसून त्याच त्याच बाटल्या वर्षानुवर्षं रंगवायचा, वरची धूळही राहू द्यायचा. धुळीनं काचेची चकाकी मरते, उरतो आकार आणि टोन, म्हणजे फिका-गडदपणा. पटतं मला. पण गोव्यात या दिवसांत धूळ कुठली, बुरशी येते, कॅनव्हासच्या मागे पण, आणि तेलरंग सुकायचं नाव घेत नाहीत.

उजेडाचंही तसंच. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही म्हणतात, ते युरोपात. इथं मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्यच उत्तरेला असतो, ढग असतात म्हणून निभावतं.

बांगडे शेजारच्या काकींनी नेले, त्या श्रावण पाळत नाहीत. उद्या नीरफणस आणायचाय, कापला की लगेच तांबूस पडायला लागतो, म्हणजे हात भरभर चालवायला लागणार. आईचीही हरकत नाही, उरलेल्याच्या कापा तळणार म्हणते.