सोलापुरात के-मर मोजणी: आठ जीबीच्या संगणकावरचं काम आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

सोलापुरात बायोटेक शिकवणाऱ्या एका मैत्रिणीचा बरेच दिवस आग्रह होता, की के-मर मोजणी तिच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच लॅबमधल्या संगणकावर करून दाखव. डीएनए सिक्वेन्सिंगच्या प्रत्येक रीडमधून, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या पट्टीतून, ठरावीक लांबीचे, समजा २१ अक्षरांचे, सगळे तुकडे काढायचे आणि कुठला तुकडा किती वेळा आला ते मोजायचं, एवढंच हे काम. जिनोम किती मोठा, पुनरावृत्ती किती, वाचनात चुका किती, हे असेंब्लीला, म्हणजे रीड जोडून अख्खा जिनोम उभा करायला, हात लावायच्या आधीच त्यातून कळतं. लॅबमधल्या संगणकांना रॅम आठ जीबी. 'याला मोठा सर्व्हर लागतो' असं मुलांच्या मनात पक्कं बसलेलं. आठ जीबीत हे काम होतं आणि व्यवस्थित होतं, हे सांगण्यासाठीच हा वृत्तांत.

पुण्याहून मी संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली. रात्री पोचायचं, झोपायचं आणि सकाळी लवकर लॅब गाठायची, हे उत्तम. दुपारी सोलापूरचं ऊन संगणकालाही सोसत नाही. एसी नसलेल्या खोलीत प्रोसेसर तापला की वेग आपोआप उतरतो. मोठी कामं अकराच्या आत लावून टाका. मकरसंक्रांतीच्या आसपास जाणार असाल तर गड्ड्याच्या यात्रेमुळे मुक्कामाची खोली आधीच बघून ठेवा.

डेटा डाळिंबाचा घेतला. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी नाहीतर शेजारी बाग आहे. दुसरं कुठलं पीक घ्यायचं? सार्वजनिक संग्रहातल्या, १५० अक्षरांच्या रीड असलेल्या फाइली मी घरूनच एसएसडीवर उतरवून नेल्या होत्या. तुम्हीही तेच करा. कॉलेजच्या नेटवर एवढं डाउनलोड लावलं तर अख्खा दिवस त्यातच जाईल. सॉफ्टवेअरची पॅकेजेसही सोबत ठेवा.

आधी फळ्यावर हिशोब मांडला, कारण मेमरी जाते कुठे ते कळल्याशिवाय पुढचं सगळं पोपटपंची ठरतं. डाळिंबाचा जिनोम साधारण ३३ कोटी अक्षरांचा. तो ४० पट वाचला, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ४० वेळा वाचलं गेलं, तर १५० अक्षरांच्या ८.८ कोटी रीड होतात. एका रीडमधून १५० वजा २१ अधिक १, म्हणजे १३० के-मर. एकूण ११४४ कोटी. पण वेगळे के-मर किती? खरे फार तर ३३ कोटी. खरी अडचण चुकांची. रीडच्या मध्ये एक अक्षर चुकलं की त्यावरून जाणारे २१ के-मर बिघडतात, आणि ते बहुतेक जिनोममध्ये कुठेच नसतात. तीनातल्या एका रीडमध्ये एक चूक धरली तरी जवळपास ६२ कोटी खोटे के-मर तयार होतात, खऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. प्रत्येकाला आठ बाइट के-मरसाठी आणि चार बाइट मोजणीसाठी धरले, तर साध्या तक्त्यालाच अकरा जीबीच्या वर लागतात. आठ जीबी तिथेच संपले. म्हणजे रॅम भरते ती मुख्यतः एकदाच दिसणाऱ्या कचऱ्याने.

हे फळ्यावर आल्यावर वेगवेगळी सॉफ्टवेअर काय युक्ती करतात ते समजावणं सोपं झालं. जेलिफिश (२०११) सगळं रॅममधल्या हॅश टेबलात, म्हणजे पटकन शोधता येईल अशा तक्त्यात, ठेवतं. त्याची खुबी अशी, की अनेक थ्रेड, म्हणजे प्रोसेसरवर एकाच वेळी चालणारी कामं, एकमेकांना न अडवता एकाच टेबलात लिहितात. वेगवान आहे, पण रॅम मागतं. त्याच वर्षीचं बीएफकाउंटर ब्लूम फिल्टर, म्हणजे 'हा आधी दिसला का' एवढंच थोड्या जागेत लक्षात ठेवणारी रचना, वापरतं: के-मर पहिल्यांदा दिसला तर नुसती खूण, दुसऱ्यांदा दिसला तरच टेबलात जागा. एकट्यादुकट्याला दारातच अडवलं. डीएसके (२०१३) आणि केएमसी यांनी भार डिस्कवर टाकला. आमच्या कामाला केएमसी सगळ्यात सोयीचं पडलं, म्हणून त्यावरच वेळ घालवला.

केएमसी आधी सगळ्या रीड वाचून डिस्कवर शेकडो बिन, म्हणजे कप्प्यांच्या, फाइली बनवतं आणि मग एकेक बिन रॅममध्ये घेऊन मोजतं. सांगोल्याकडचा एक विद्यार्थी पटकन म्हणाला, "मॅडम, हे आमच्या पॅकिंगसारखंच की. आधी आकाराप्रमाणं क्रेट लावायचे, मग एकेक क्रेट मोजायचा." अगदी तसंच. एकाच के-मरच्या सगळ्या प्रती एकाच बिनमध्ये पडतात, म्हणून दुसऱ्या बिनकडे बघावंच लागत नाही. बिन ठरतो तो के-मरमधल्या एका छोट्या उपतुकड्यावरून. शेजारशेजारच्या के-मरमध्ये बहुतेक वेळा तोच उपतुकडा येतो, म्हणून ते सुटे न लिहिता एकत्र लांब तुकडा लिहिला जातो. डिस्कवरचं लिखाण त्यामुळेच आटोक्यात राहतं.

रॅमची मर्यादा चार जीबी देऊन काम सुरू केलं. एका खिडकीत मेमरीची पट्टी, दुसरीत तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर. बिन फाइली भराभर फुगत होत्या आणि मेमरीची पट्टी मात्र अर्ध्यावर थांबलेली. मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली. हे दृश्य मुलांना जरूर दाखवा.

आता ज्या गोष्टी कोणी आधी सांगत नाही त्या. केएमसी मुळात रॅमची मर्यादा १२ जीबी धरून चालतं, तेव्हा ती स्वतः कमी करून द्या. काटेकोर पाळायची असेल तर त्याचा वेगळा पर्याय आहे, तोही लावा. तात्पुरता फोल्डर आधी बनवून ठेवा आणि तो आतल्या एसएसडीवरच असू द्या, यूएसबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर नको. कॉम्प्रेस केलेल्या फाइलीएवढी तरी जागा मोकळी असावी. के, म्हणजे तुकड्याची लांबी, विषम घ्या, म्हणजे कुठलाच के-मर स्वतःच्याच उलट-पूरक साखळीसारखा (समोरची साखळी उलटी वाचल्यावर येते तसा) निघत नाही. ३१ पर्यंतचा के ६४ बिटांत मावतो, कारण एका अक्षराला दोनच बिट लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं: मुळातल्या सेटिंगमध्ये केएमसी एकदाच आलेले के-मर टाकून देतं आणि मोजणी २५५ वर थांबवतं. हिस्टोग्राम, म्हणजे किती वेळा आलेले के-मर किती आहेत याचा आलेख, काढायचा असेल तर किमान १ आणि कमाल निदान १०,००० करा. पानातून काढलेल्या डीएनएमध्ये हरितलवकाचे के-मर हजारोंनी येतात. २५५ वर थांबलात तर ते सगळे एकाच रकान्यात कोंबले जातात आणि जिनोमचा आकार चुकतो.

हिस्टोग्राममध्ये डावीकडे चुकांची उभी भिंत आणि ३५ च्या आसपास शिखर दिसलं. "चाळीस पट वाचलं ना, मग ४० वर का नाही?" हा प्रश्न येतोच. उत्तर फळ्यावरच होतं: ४० गुणिले १३० भागिले १५०. एकूण के-मरना त्या शिखराने भागलं की ३३ कोटी. मुलांनी हा भागाकार वहीत स्वतः केला, मगच हिस्टोग्राम जिनोमस्कोपला, म्हणजे त्यावरून जिनोमचा आकार आणि पुनरावृत्ती काढणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिला.

जेवणाच्या सुट्टीत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना, सांगोल्याच्या त्या मुलाने विचारलं, "यातनं तेल्या ओळखता येईल का?" प्रश्न फार मोलाचा. तेल्या या डाळिंबावरच्या रोगाचा जिवाणू झॅन्थोमोनास, त्याचा जिनोम जेमतेम ५० लाख अक्षरांचा. त्याचे के-मर वेगळे मोजून ठेवायचे आणि रोगट पानाच्या के-मरशी केएमसीच्याच टूल्सने छेद, म्हणजे दोन्हींतले सामाईक के-मर, काढायचा. रॅम जवळजवळ लागतच नाही. पण त्याच्या भाऊबंद जिवाणूंशी बरेच के-मर सामाईक असतात, तेव्हा आधी त्यांचे वजा करायचे आणि उरलेल्यांवरच बोलायचं. नुसता छेद सापडला म्हणून बागेत रोग आहे असं कुणालाही सांगू नका.

ते काम वेळेअभावी राहिलं. पुढे जो कोणी या मुलांकडे जाईल त्याने झॅन्थोमोनासच्या निरनिराळ्या प्रजातींचे जिनोम उतरवून न्यावेत, आणि सोबत एखादी रिकामी एसएसडी. लॅबमधल्या डिस्क आता भरत आल्या आहेत.