आधी अमोनिया बघा: लीचेट शुद्ध करतानाचा माझा अनुभव

जुन्या कचराडेपोच्या लीचेटचा, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या दूषित पाण्याचा, रिपोर्ट आला की मी आधी अमोनियाचा आकडा बघते. आमच्याकडे तो लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या आसपास असायचा. घरगुती सांडपाण्यात ४०-५० म्हणजेही बरंच. शिवाय बीओडी (जिवाणूंना सहज पचणाऱ्या घाणीचं माप) सीओडीच्या (एकूण सेंद्रिय घाणीच्या मापाच्या) दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. कचऱ्यातलं सहज कुजणारं सगळं आधीच मिथेन होऊन गेलेलं असतं. अमोनियाला मात्र डेपोच्या पोटात ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं झिरपत राहतो.

सुरुवात नेहमीच्या वाटेने केली. हवा देऊन अमोनियाचं नायट्रेट, मग हवा बंद करून नायट्रेटचा नायट्रोजन वायू. पण १ ग्रॅम नायट्रोजनमागे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून पीएच टिकवण्याची क्षमता) खर्ची पडते. वर नायट्रेट घालवायला कार्बन हवा, तो लीचेटमध्ये नाहीच. ब्लोअर अखंड चालू, कार्बनसाठी आणलेल्या मिथेनॉलचे ड्रम संपत चाललेले आणि निम्मा अमोनिया संपला की पीएच धाडकन खाली. दर वेळी निम्म्यावरच! कारण सरळ होतं. आमच्या लीचेटमधली अल्कलिनिटी मुख्यतः अमोनियाच्या जोडीने आलेल्या बायकार्बोनेटची होती आणि ती निम्म्याच कामाला पुरत होती.

मग हा निम्मा टप्पाच कामाला लावायचं ठरवलं. अ‍ॅनामॉक्स जिवाणू अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होतानाचा मधला टप्पा) यांचा थेट नायट्रोजन वायू करतात, ऑक्सिजन आणि सेंद्रिय कार्बन न वापरता. असे जिवाणू असले पाहिजेत असं ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. १९९० च्या दशकात ते नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये सापडले. त्यांना अमोनियाच्या सव्वा-दीडपट नायट्राइट लागतं. म्हणजे पहिल्या टाकीत निम्म्याहून थोड्या जास्त अमोनियाचं नायट्राइट करायचं आणि तिथेच थांबायचं.

थांबणं हेच अवघड. त्यासाठी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास धरला आणि तापमान ३० अंशांच्या वर. नायट्रेट करणारे जिवाणू या परिस्थितीत मागे पडतात, मोकळ्या (आयन न झालेल्या) अमोनियानेही लवकर दबतात. मला काळजी वाटते ती नायट्रस ऑक्साइडची. इतक्या कमी हवेवर आणि नायट्राइट साचलेलं असताना तो सुटू शकतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे. टाकीवरच्या हवेत तो मोजायची सोय सुरुवातीलाच करून घ्यावी.

अ‍ॅनामॉक्सची वाढ फार संथ, दुप्पट व्हायला दहा-बारा दिवस. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर चमचाभर गाळ गेला तरी जीव कासावीस व्हायचा. नायट्राइट साचू द्यायचं नाही, नाहीतर हेच जिवाणू मरगळतात. मग एकदा नमुना सिलिंडरमध्ये ठेवला तर तळाच्या काळसर गाळात विटकरी लाल कण दिसले. त्यांना बारीक बुडबुडे चिकटत, एखादा कण वर येई, बुडबुडा फुटला की पुन्हा खाली बसे. तो वायू म्हणजेच आमचा नायट्रोजन.

हवेचा खर्च निम्म्याहून खाली आला. सगळा नायट्रोजन मात्र जात नाही; या क्रियेतच सुमारे ११ टक्के नायट्रेट तयार होतं. त्यासाठी शेवटी लहानशी डीनायट्रिफिकेशन (नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारी) टाकी ठेवली आहे, तिला थोडंसं मिथेनॉल पुरतं. पाण्याचा तपकिरी रंग ह्युमिक पदार्थांचा, म्हणजे कुजून उरलेल्या चिवट सेंद्रिय पदार्थांचा. तो जिवाणूंना पचत नाही, पुढच्या ओझोन आणि कार्बन फिल्टरमध्ये काढतो.