जपानी शाळा बघायला जाताना टाचण आधी मागा

जपानमधली शाळा बघून आलेल्या शिक्षकांच्या मोबाइलमध्ये साधारण तेच फोटो असतात. दारातली बुटांची कपाटं, पांढरे एप्रन घालून जेवण वाढणारी मुलं, फडकं घेऊन वर्ग पुसणारी मुलं. बघायला छान वाटतं, पण सोमवारी चौथीला भागाकार शिकवताना त्यातलं काही उपयोगी पडत नाही. शिवाय मुलांनी वर्ग झाडणं आपल्या गावच्या शाळांना नवीन नाही, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला?

शिक्षकाने तिथे बघावी ती गोष्ट म्हणजे जुग्यो केन्क्यू. जुग्यो म्हणजे पाठ, केन्क्यू म्हणजे संशोधन. मुळं मेइजी काळातली (१८६८ ते १९१२), पण बाहेरच्यांचं लक्ष गेलं ते फार उशिरा. १९९५च्या टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जर्मनी, जपान आणि अमेरिका इथले आठवीचे गणिताचे २३१ तास चित्रित केले गेले, आणि जपानी तास इतके वेगळे का दिसतात याचा शोध घेताना लोक या पद्धतीपाशी पोचले.

पद्धत सांगायला सोपी आहे. चार-पाच शिक्षक मिळून एका तासाचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, करतात. त्यांच्यातला एक जण तो तास आपल्या वर्गावर घेतो, बाकीचे बघतात. बऱ्याच शाळांत त्या दिवशी इतर वर्ग लवकर सोडतात, म्हणजे सगळा स्टाफ एकाच वर्गात उभा राहू शकतो. मग मुलं घरी गेली की चर्चा.

खरी मेहनत आधीची, टाचणाची. पहिलीतली हातच्याची वजाबाकी घ्या. सुरुवातीला १३ − ९ देतात. हेच आकडे का? मूल १० मधून ९ काढून उरलेला १ आणि ३ मिळवू शकतं. किंवा १३ मधून आधी ३ आणि मग ६ काढू शकतं. उत्तर दोन्हीकडे ४. पण ९ हा दहाला चिकटलेला, म्हणून पहिली रीत सुचते; शिवाय तेरापासून नऊ घरं मागे मोजणं कंटाळवाणं असतं, म्हणून मूल आडवाट शोधतं. तिथे १२ − ३ दिलं असतं तर बोटांवरच सुटलं असतं आणि तासात बोलण्यासारखं काही उरलंच नसतं. टाचणात हे कारण लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या रकान्यात मुलं काय काय उत्तरं देतील, चुकतील तर कुठे चुकतील, हेही.

हाच तास मराठीत जसाच्या तसा उचलता येत नाही, तो का ते बघा. जपानीत तेराला ‘जू-सान’ म्हणतात, म्हणजे दहा-तीन. दहा कानालाच ऐकू येतो. आपल्या ‘तेरा’त तो दडून बसलाय. (२०१९ला दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ला दिलेल्या ‘वीस एक’वरून केवढा गदारोळ झाला होता! मुद्दा हाच होता, तो विनोदांत बुडाला.) म्हणून आपल्याकडे आधी काड्यांचा गठ्ठा आणि तीन सुट्या काड्या हातात द्याव्या लागतील.

तास प्राथमिकला ४५ मिनिटांचा. प्रश्न मांडायला पाचेक मिनिटं, मुलं एकटी झगडतात ती दहाएक मिनिटं. या वेळी शिक्षक बाकांमधून फिरतात, त्याला किकान-शिदो म्हणतात. ते मदत करत फिरतायत असं आपल्याला वाटतं. मुख्यतः ते कुणाची रीत आधी फळ्यावर घ्यायची आणि कुणाची नंतर, ते ठरवत असतात. मग नेरिआगे, म्हणजे पीठ मळल्यासारखी सगळ्या वर्गाची चर्चा. सर्वांत जास्त वेळ तिलाच. फळा तासभर पुसत नाहीत. डावीकडून उजवीकडे तासाची अख्खी गोष्ट त्यावर राहते, आणि तिचा आराखडा आदल्या दिवशी कागदावर काढलेला असतो. फोटो काढायचाच तर शेवटच्या मिनिटाला या फळ्याचा काढा.

पाहुण्यांचं चुकतं ते इथे. टाचण न वाचता वर्गात शिरतात, त्यामुळे काय घडतंय आणि काय घडायला हवं होतं यातला फरक दिसत नाही. टाचण आठवडाभर आधी मागून भाषांतर करून घ्या आणि ते गणित स्वतः तीन रीतींनी सोडवून जा. वर्गात बाजूच्या भिंतीशी उभं राहा, मूल आणि फळा यांच्या मध्ये येऊ नका, मुलाला बोट दाखवून चूक सांगू नका. सगळा वर्ग बघायच्या फंदात पडू नका. एकच मूल धरा आणि त्याने कितव्या मिनिटाला काय लिहिलं, काय खोडलं, ते टिपा. दुभाष्यालाही शिक्षकाचं बोलणं सोडून त्या मुलाचं आणि शेजाऱ्याचं बोलणं कानात सांगायला लावा.

आणि चर्चेला थांबा. तास संपला की बस पकडणारे गट निम्मा दौरा वाया घालवतात. चर्चेत आधी तास घेणारा शिक्षक बोलतो, मग बघणारे पुरावा ठेवतात: ‘खिडकीजवळच्या मुलीने २२व्या मिनिटाला दुसरी रीत लिहिली, मग खोडली.’ शेवटी बाहेरून बोलावलेला जाणकार बोलतो. ‘तुम्ही छान शिकवलंत’ याला इथे किंमत नाही, ‘तुमचं चुकलं’ यालाही नाही, कारण टाचण सगळ्यांचं असतं. आपल्याकडे आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद भरते, तिथेही पाठ होतो, पण ‘आदर्श पाठ’ म्हणून. आदर्श म्हटल्यावर तपासणार काय?

विद्यापीठांना जोडलेल्या नामांकित शाळांतले खुले तास देखणे असतात, पण तिथली मुलं निवडून घेतलेली. एक तरी दिवस साध्या सरकारी शाळेत मागा. जमलं तर उत्तरेच्या होक्काइदोतली किंवा दक्षिणेच्या कागोशिमाच्या बेटांवरची जोडवर्गाची शाळा बघा. प्राथमिकला दोन इयत्ता मिळून १६ पर्यंत मुलं असली, पहिली त्यात असेल तर ८ पर्यंत, की एकच वर्ग होतो. तिथे ‘झुराशी’ करतात: एका इयत्तेला नवा भाग चालू असेल तेव्हा दुसरीचा सराव येईल असे टप्पे सरकवतात. आणि ‘वातारी’, म्हणजे शिक्षकाने कोणत्या मिनिटाला कुणाकडून कुणाकडे जायचं, हे टाचणात बाणांनी काढतात. शिक्षक पलीकडे असताना एक मूल गटाचा तास पुढे नेतं. द्विशिक्षकी शाळेतल्या माणसाला तोक्योच्या दहा शाळांपेक्षा या बाणांतून जास्त मिळेल.

सगळंच उचलण्यासारखं नाही. २०१८च्या टालिस या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानी कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचं काम आठवड्याला ५६ तास निघालं, सहभागी देशांची सरासरी ३८.३ होती. पाठ-संशोधन त्या ओझ्यावर आणखी एक फाइल होऊन बसलं की तिथेही ते उरकलं जातं. म्हणून परत आल्यावर वर्षाला एकच तास धरा. तीन शिक्षक, एक घटक, टाचणाला तीन बैठका, चौथ्या आठवड्यात तास, त्याच दिवशी तासभर चर्चा. त्या वर्गावर आधी रंगीत तालीम घेऊ नका, मुलं उत्तरं पाठ करून बसतात. आणि पहिल्या वेळी तास घ्यायला गटातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना किंवा सरांनाच उभं करा. नवख्याला पुढे केलं की बाकीचे परीक्षक होऊन बसतात.