वासोट्याला जाताय? आधी बोटीचा व्यवहार पक्का करा

सोलापुरातून वासोट्याला निघालेल्यांनो, चढाची काळजी नंतर. आमचा दिवस डोंगराने नाही, बामणोलीच्या बोटीच्या धक्क्याने खाल्ला.

वासोटा हा सातारा जिल्ह्यातला डोंगरी किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय ओलांडून पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरायचं, आणि मुक्कामाला परवानगी नसल्याने त्याच दिवशी परत यायचं. सकाळचा एकेक तास म्हणूनच मोलाचा. बोटीचा दर अख्ख्या बोटीचा असतो, माणशी नसतो. आम्हाला फोनवर बुकिंग करून देणाऱ्या मध्यस्थाने मात्र माणशी पैसे घेतले, ‘सातला बोट हलते’ म्हणून सांगितलं आणि दुसरा ग्रुप येईपर्यंत धक्क्यावर बसवून ठेवलं. बोट हलली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. त्या पोरांकडूनही माणशीच पैसे उकळलेले. एका बोटीचे दोनदा पैसे! संध्याकाळी परत ‘थांबण्याचे’ म्हणून जादा मागणी. परतीचा दुसरा रस्ताच नाही, भांडणार कुणाशी? मुकाट्याने दिले. हे सरळ सरळ लुबाडणं आहे.

तेव्हा मध्यस्थ नकोच. आदल्या रात्री साताऱ्यात किंवा बामणोलीत मुक्काम करा, सकाळी स्वतः धक्क्यावर जा, फलकावरचा दर वाचा, पावती घ्या. जाणं, थांबणं, येणं यांची एकच रक्कम ठरवा आणि परतीची वेळ बोटवाल्याच्या तोंडून वदवून घ्या. वनखात्याचं प्रवेशशुल्क वेगळं.

पाण्यातच दीड तास जातो. पलीकडे वनखात्याच्या चौकीवर प्लास्टिक मोजतात, अनामत घेतात आणि परत येताना पुन्हा मोजून बघतात. ही शिस्त मला मनापासून आवडली. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून न्या. मोजायला काही उरत नाही आणि खराबही होत नाही.

ओढ्याजवळच्या मारुतीपाशी पाणी भरून घ्या. तिथून चढ सुरू होतो. ‘दोन तासांचा सोपा ट्रेक’ हे आम्हाला सांगितलं गेलं, ते खरं नाही. सोलापूरच्या कोरड्या उन्हात घाम वाळतो. इथे झाडी इतकी दाट की वारा लागत नाही, घाम अंगावरच राहतो आणि दम लवकर लागतो. नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा मागे पडला की सावली संपते आणि उरलेला खडा चढ डोक्यावर ऊन घेऊन चढावा लागतो. उशिरा निघाल्यामुळे आम्ही तो ऐन दुपारी चढलो. आमच्यातले दोघे तिथूनच मागे फिरले, कारण परतीची बोट चुकवून चालणार नव्हतं. गव्यांचा वावर आहे, तेव्हा वाट सोडून फिरू नका, आरडाओरडा करू नका.

आणि वर? बाबुकड्यावर उभं राहिल्यावर पायांचं दुखणं आठवलंच नाही. समोर जुना वासोटा म्हणतात तो शेजारचा डोंगर, मध्ये तुटलेली खोल दरी. १८१८ मध्ये हंटर आणि मॉरिसन हे इंग्रज अधिकारी या गडावर कैदेत होते, ते इथून पळून का गेले नाहीत हे दरीत डोकावल्यावर लगेच कळतं. एवढ्यासाठी मी उद्या पुन्हा जाईन, त्याच धक्क्यावरून!

पावसाळ्यात गड बंद असतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम. वाटेवरचं कास पठार तेव्हा कोरडं असतं, फुलांच्या आशेने वेळ घालवू नका.

उतरून लगेच सोलापूर गाठायचा हट्ट धरू नका. थंडी म्हणजे उसाचा हंगाम. दहिवडी, म्हसवड, पंढरपूर या रस्त्यावर रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात आणि थकलेल्या ड्रायव्हरला त्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. साताऱ्यात झोपा, उजाडल्यावर निघा.