अर्ध्या रंगातला राखी चिखल्या

समुद्रकिनाऱ्यावर पक्षी पाहायला जायचे असेल, तर पहाटे लवकर उठण्यापेक्षा भरतीचे वेळापत्रक नीट वाचणे अधिक महत्त्वाचे असते, हे मला बऱ्याच फुकट गेलेल्या पहाटांनंतर कळले. ओहोटीच्या वेळी चिखलाचा पट्टा दूरवर उघडा पडतो आणि पक्षी त्याच्या पार टोकाला, पाण्याच्या कडेने, ठिपक्यांएवढे होऊन चरत राहतात. भरती चढू लागली की तेच पाणी त्यांना हळूहळू आपल्याकडे हाकत आणते. मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या त्या दिवशी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे उधाण अजून ओसरले नव्हते आणि पूर्ण भरती अकराच्या सुमारास होती. म्हणून साडेआठलाच मी किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, सूर्य पाठीशी ठेवून, टेलिस्कोपची तिपाई रोवून बसलो.

वसंताच्या सुरुवातीचा हा काळ पक्षी ओळखण्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा, आणि म्हणूनच माझा सर्वांत आवडता. पुस्तकात बहुतेक किनारी पक्ष्यांची दोन चित्रे असतात, एक हिवाळी पिसाऱ्याचे आणि एक विणीच्या काळातले. समोरचा पक्षी मात्र या दोहोंच्या मध्येच कुठेतरी असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या (म्हणजे ‘गल’ पक्ष्याच्या) पांढऱ्या डोक्यावर हिवाळ्यात डोळ्यामागे केवळ एक काळसर ठिपका उरतो आणि वसंतात तेथे पुन्हा गडद टोपी चढते. वाळूवर बसलेल्या थव्यात या टोपीच्या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी दिसत होत्या. (ही टोपी खरे तर चॉकलेटी असते, नाव ठेवणाऱ्याने ती बहुधा लांबून पाहिली असावी.)

माझी खरी फजिती केली ती एका चिखल्याने. चिखल्या, म्हणजे किनाऱ्यावर चरणारे ‘प्लोव्हर’ पक्षी, डोळ्यांनी भक्ष्य शोधतात, त्यामुळे चार पावले धावायचे, थबकायचे, टिपायचे आणि पुन्हा धावायचे, ही त्यांची चाल दुरूनही ओळखू येते. राखी चिखल्यांपैकी काहींच्या पोटावर शाई सांडल्यासारखे काळे डाग उमटू लागले होते, तर काही अजून पूर्ण करडेच होते. त्यांच्यापासून थोडा दूर उभा असलेला एक पक्षी मला अंगाने लहान आणि रंगाने पिवळसर वाटला, म्हणून मी वहीत ‘सोनेरी चिखल्या’ असे लिहून मोकळा झालो आणि चाळीस मिनिटे त्या शोधावर खूश राहिलो. मग एक घार खाली उतरली, सगळा थवा उठला, आणि त्या पक्ष्याने पंख उचलताच बगलेतला ठळक काळा डाग व शेपटीच्या मुळाशी असलेला पांढरा रंग दिसला. ही राखी चिखल्याची खूण असून ती कोणत्याही ऋतूत बदलत नाही. पिवळेपणा केवळ तिरप्या उन्हाचा होता. नोंद खोडली.

पट्टेरी शेपटीचे पाणटिवळे (‘गॉडविट’ पक्षी) मात्र घार गेल्याबरोबर पुन्हा चरू लागले. त्यांची लांब चोच चिखलात बुडालेली असतानाही तिचे टोक तेवढे उघडू शकते, त्यामुळे न दिसणारा किडाही स्पर्शाने पकडता येतो. त्यांची ही घाई समजण्यासारखी आहे. याच जातीच्या एका तरुण पक्ष्याने 2022 च्या शरद ऋतूत अलास्कापासून टास्मानियापर्यंत, कोठेही न उतरता, 11 दिवसांत सुमारे 13,560 किलोमीटर अंतर कापल्याची उपग्रहाद्वारे नोंद झाली आहे. अशा प्रवासाचे इंधन म्हणजे अंगावर साठवलेली चरबी, आणि थवा उगाच उठवला की तीच खर्ची पडते. म्हणून छायाचित्रासाठी पुढे सरकण्याचा मोह मी आवरला. छायाचित्रे अर्थातच वाईट आली.

अकराच्या सुमारास उरलेल्या वाळूच्या पट्टीवर सगळे जण दाटीवाटीने, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून उभे राहिले. मोजणीसाठी हीच वेळ उत्तम. राखी चिखल्या 14 भरले आणि त्यांपैकी पोटावर काळे डाग असलेले 5. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे पंधरा दिवसांनी ती पुन्हा याच सुमारास असेल. तोवर हे 5 किती होतात ते पाहण्यासाठी मी वहीत त्यांच्यापुढे एक रकाना कोरा सोडला आहे.